विज्ञानकथेतील विनोद, युद्ध आणि आमचे वाचक

टीकाकार पुस्तकाविषयी जे म्हणतात ते छापून निघते. वाचक जे म्हणतात ते वाचनालयाच्या पायरीवरच विरून जाते. वस्तुतः पुस्तकाचे आयुष्य टीकाकारांपेक्षा या पायरीवरील मंडळींच्याच हाती अधिक असते. आमच्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले, तेव्हा अशा बोलण्यास येथे जवळजवळ दोनशे वर्षांची परंपरा आहे असे म्हणावयास हरकत नाही. डॉ. जयंत नारळीकर हे २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या परिचयाच्या वाचकांत त्यांच्या कथा पुन्हा वाचल्या गेल्या, व त्यांवरून जो वाद झाला तो आम्हांस इतका उद्बोधक वाटला की, त्याचा परामर्श घेण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

वाद मुख्यत्वे एकाच कथेवर होता, ती म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तीन मते निघाली. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, 'विज्ञानकथेत विनोद शिरला की विज्ञान पातळ होते.' इंग्रजी युद्धकादंबऱ्यांचा फडशा पाडणारा एक तरुण म्हणाला, 'मराठी लेखक लढाईला भितो; पानिपतची लढाई जिंकली, पण ती दाखविली कुठे?' आणि एक वृद्ध वकील शांतपणे म्हणाले, 'ही सारी हरलेल्यांची दिवास्वप्ने. त्यांत वाङ्मय कसले शोधता?' तिन्ही मते मनापासून दिलेली होती, आणि तिन्हींत सत्याचा अंश आहे. तो किती, हेच येथे पाहावयाचे आहे.

ज्यांनी ही कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचे सार देतो. पुण्याचे इतिहासाचे एक प्राध्यापक, गंगाधरपंत, पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर काय झाले असते याचा विचार करीत रस्त्याने चालले असता अपघातात सापडतात. आणि जागे होतात ते अशा जगात की, जेथे ती लढाई मराठ्यांनी खरोखरच जिंकलेली आहे. तेथे पुण्याहून मुंबईस जाताना वाटेत सरहद्द लागते, कारण मुंबई अद्याप इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने आहे. ग्रंथालयात पंत स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड उघडतात व फरक नेमका कोठे पडला ते शोधतात. तो पडलेला असतो एका गोळीत. आपल्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी जी गोळी विश्वासरावांस लागली, ती त्या जगात त्यांच्या कानाला चाटून गेली. पुढे पंत आझाद मैदानावरील एका सभेत जातात. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून त्यांस राहवत नाही व ते तीत जाऊन बसतात. त्या जगातील लोकांनी मात्र अध्यक्ष, प्रास्ताविके व आभार या साऱ्यांस केव्हाच रजा दिलेली असते. टोमॅटो व अंडी यांचा वर्षाव होतो, लोक व्यासपीठावर चढतात, आणि पंत आपल्या जगात परत येतात. खिशात राहतो तो बखरीचा एक फाटका कागद. त्यांचा शास्त्रज्ञ मित्र त्यांस पुंजवादाच्या व विपर्यय-सिद्धान्ताच्या आधारे या साऱ्याची उपपत्ती सांगतो.

आता पहिले मत घेऊ. विनोदाने विज्ञान पातळ होते काय? ज्या विनोदाचा विज्ञानाशी संबंध नाही, जो केवळ पात्रांच्या तोंडी वरून चिकटविलेला असतो, त्याने ते पातळ होते यात शंका नाही. यानात बसलेला नोकर अडखळून पडला, यात हसू आले तरी ते यानाचे हसू नव्हे. तो नोकर जिन्यावरून पडला असता तरी तितकेच आले असते. परंतु विनोदाचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात लेखक एक वैज्ञानिक कल्पना गृहीत धरतो आणि मग तिचे परिणाम इतक्या काटेकोरपणे काढीत जातो की, त्या काटेकोरपणाचेच हसू येते. व्होल्तेरने १७५२ साली 'मिक्रोमेगास'मध्ये लुब्धक ताऱ्याकडील एक प्रचंड प्रवासी पृथ्वीवर आणला, तो याच हेतूने. देह इतका मोठा असेल तर माणसाची तत्त्वज्ञाने त्यास केवढीशी दिसतील, हा केवळ हिशेब आहे. आणि त्या हिशेबातच उपहास आहे.

अलीकडील उदाहरण डग्लस अ‍ॅडम्स याचे. १९७९ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' या कादंबरीत अंतराळातील मार्गासाठी पृथ्वी पाडली जाते. आणि पाडणारे अधिकारी सांगतात की, नकाशे व हुकूम पन्नास वर्षे दुसऱ्या एका ताऱ्याजवळच्या कचेरीत लावलेले होते, तुम्ही हरकत का घेतली नाही? आमच्या जिल्ह्यातील वाचकास हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात ज्याच्या परड्यातील आंबा-फणस गेले, त्यास भूसंपादनाची नोटीस कोठे लागते व कोण वाचतो हे पक्के ठाऊक आहे. येथे विनोदाने कल्पना पातळ झाली नाही; उलट विश्वाच्या अफाटपणाची कल्पना विनोदामुळेच अंगाला येऊन भिडली.

या कसोटीस नारळीकर उतरतात काय? 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत वस्तूची डावी-उजवी बाजू आरशातल्याप्रमाणे उलटते. मग डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि क्रिकेटच्या मैदानावरही त्या उलटापालटीचे पडसाद उमटतात. भूमितीतील एक कल्पना देवघरात आणून ठेवावी आणि तिचे काय होते ते पाहावे, ही युक्ती अस्सल विनोदकाराची आहे. 'धूमकेतू' या कथेत एकीकडे पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूस अण्वस्त्रांनी वळविण्याची शास्त्रज्ञांची खटपट चाललेली असते, तर दुसरीकडे घरी शांतीसाठी यज्ञ होतो. व संकट टळल्यावर त्याचे श्रेय कोणास द्यावे याविषयी घरात एकमत होत नाही. हा विनोद मंद आहे, पण तो कल्पनेच्या पोटातून आलेला आहे.

निवृत्त शिक्षकांच्या आक्षेपाचा उरलेला भाग मात्र आम्ही मान्य करतो. ते म्हणाले, 'बंदुकीची गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे. एवढ्या जड वस्तूस पुंजवादाची अनिश्चितता लावणे हे शास्त्र नव्हे.' हे खरे आहे. परंतु लेखकास एक गृहीत मागण्याचा हक्क असतो. त्याने दुसरे व तिसरे मागू नये, एवढेच पाहावयाचे. गोळीविषयीचे गृहीत एकदा दिल्यावर सरहद्द, भाडेपट्टा व फाटका कागद या साऱ्या गोष्टी त्याच एका धाग्याने बांधल्या जातात. त्या धाग्यास एक ठिकाणी मात्र गाठ मारलेली आहे. तिच्याकडे पुढे वळू.

दुसरे मत त्या तरुणाचे. लढाई दाखविली कुठे, असे तो विचारतो. त्याच्या वाचनातील शाखा इंग्रजीत मोठी फोफावलेली आहे, आणि तिचा उगम ध्यानात घेण्याजोगा आहे. १८७१ साली 'ब्लॅकवुड्स मॅगझीन'मध्ये 'द बॅटल ऑफ डॉर्किंग' ही कथा निनावी प्रसिद्ध झाली. तिचा कर्ता जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्समधील अधिकारी. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात तो जखमी झाला होता. इंग्लंडवर परकी सैन्य उतरते व इंग्रज हरतात, ही कल्पना. आणि ती सांगतो एक म्हातारा स्वयंसेवक, आपल्या नातवंडांस. म्हणजे भावी युद्धांच्या या कथापरंपरेचा आरंभ विजयाने झाला नाही, पराजयाने झाला. आणि तो लिहिला अशा माणसाने की, ज्याने दुसऱ्याचे शहर पडताना डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे याच शाखेत दोन पंथ झाले. रॉबर्ट हाइनलाइन याने १९५९ साली 'स्टारशिप ट्रूपर्स' लिहिली. तो अमेरिकेच्या नौदलातील अधिकारी होता, परंतु क्षयामुळे १९३४ साली निवृत्त झाल्याने प्रत्यक्ष युद्ध त्याच्या वाट्यास आले नाही. त्याच्या कादंबरीत शिस्त, कर्तव्य व नागरिकत्व यांचा गौरव आहे. जो हाल्डमन हा व्हिएतनाममध्ये लढला, जखमी झाला, व १९७४ साली त्याने 'द फॉरेव्हर वॉर' लिहिली. त्याचा सैनिक प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने रणांगणावर जातो. सापेक्षतेच्या नियमाप्रमाणे त्याचे काही महिने जातात तेव्हा पृथ्वीवर शतके लोटतात. परत यावे तर घर नाही, भाषा नाही, ओळखीचे माणूस नाही. आणि अखेर कळते की युद्धास आरंभ झाला तो गैरसमजाने. मध्यंतरी १९६५ साली हॅरी हॅरिसन याने 'बिल, द गॅलॅक्टिक हीरो' लिहून हाइनलाइनच्या पंथाची यथेच्छ टर उडविली. त्यात विनोद व युद्ध ही दोन्ही एकत्र आली.

येथे वाचकांच्या मताविषयी एक मौजेची गोष्ट सांगावीशी वाटते. ह्यूगो पारितोषिक हे वाचकांच्या मतांनी दिले जाते. ते १९६० साली हाइनलाइनच्या कादंबरीस मिळाले आणि १९७६ साली हाल्डमनच्या. याचा अर्थ वाचक चंचल असतात असा कित्येक करतील. आमच्या मते याचा अर्थ निराळा आहे. वाचकास युद्धाची बाजू हवी नसते, युद्धाचा हिशेब हवा असतो. हाइनलाइन सांगतो की सैनिक काय मिळवितो. हाल्डमन सांगतो की त्याने काय गमावले. दोघांच्याही वहीत आकडे आहेत. ज्या युद्धकथेत नुसतेच शौर्य असते व हिशेब कोणताच नसतो, ती तरुणपणी वाचली जाते व तरुणपणीच विसरली जाते.

हीच कसोटी आपल्या कथेस लावली म्हणजे तरुणाचे म्हणणे अर्धे खरे ठरते. लढाई दाखविली नाही म्हणून आम्हांस खंत नाही. लढाया दाखविणारे वाङ्मय मराठीत भाऊसाहेबांच्या बखरीपासून विश्वास पाटील यांच्या १९८८ मधील 'पानिपत' कादंबरीपर्यंत विपुल आहे. हौद्यावरून खाली उतरून गर्दीत शिरणारे भाऊसाहेब, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, रिकामा हौदा पाहून उधळलेले सैन्य, हे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आहेच. नारळीकरांनी ते पुन्हा रंगविण्याचे कारण नव्हते. त्यांनी सैन्याऐवजी गोळी पाहिली, आणि एवढ्या मोठ्या दुःखाचा भार केवढ्याशा शिशावर उभा आहे हे दाखविले. हे आम्हांस शंभर चकमकींहून अधिक परिणामकारक वाटते.

परंतु हिशेबाचे काय? तो कथेत अपुरा आहे, आणि वर जिचा उल्लेख केला ती गाठ हीच. विजयी मराठी राज्य पुढे विज्ञानास आश्रय देते, कालांतराने सत्ता लोकांकडे सोपविते, व देश परदास्यात न पडता स्वाभिमानाने उभा राहतो, असे पंत ग्रंथात वाचतात. गोळी चुकली म्हणून विश्वासराव वाचले, हे गृहीत आम्ही दिले. पण गोळी चुकली म्हणून समाज सुधारला, हे दुसरे गृहीत आहे, आणि ते लेखकाने न मागताच घेतले. आपल्या जगात १८१८ साली पेशवाई बुडाली, आणि १८४८ साली त्याच पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. शनिवारवाड्यावर भगवे निशाण फडकत असते तर ती शाळा निघाली असती काय? निघाली असती तर कोणत्या पेठेत, आणि कोणाच्या परवानगीने? कदाचित निघालीही असती. जपानप्रमाणे आपणही आपल्याच हातांनी जुने मोडून नवे बांधले असते. पण हा प्रश्न विचारावा लागतो, आणि कथा तो विचारीत नाही. विजयाच्या जमाखर्चात ज्यांच्या वाट्यास खर्चच आला असता त्यांची नावे तिच्या वहीत नाहीत. लघुकथेस एवढा विस्तार झेपत नाही, हे तिचे समर्थन होऊ शकते. आणि म्हणूनच या विषयास कादंबरी हवी होती, असे आम्हांस वाटते.

आता वकीलसाहेबांचे तिसरे मत: हरलेल्यांची दिवास्वप्ने. हे मत सर्वांत कठोर आहे, आणि त्यास उत्तर देताना आमचाही कबुलीजबाब द्यावा लागणार आहे. पानिपत हा मराठी माणसास केवळ इतिहास नाही. तो भाषेत मुरलेला आहे. कोणाचा धुव्वा उडाला की त्याचे 'पानिपत झाले' असे आपण म्हणतो. कोणावर भरवसा नसला की 'विश्वास पानिपतात गेला' म्हणतो. आमचे हे गाव तर पराजयाशी विशेष परिचित आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास १८८६ साली येथे आणून ठेवले व १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. तीस वर्षे हा गाव एका हरलेल्या राजाचा शेजारी होता. अशा लोकांस विजयाचे स्वप्न गोड लागले तर नवल नाही. आम्हांसही ते लागले. ही कथा प्रथम वाचली तेव्हा ग्रंथालयातील तो प्रसंग आम्ही दोनदा वाचला, आणि पुढील सभेचा भाग, लेखकास शेवट सुचला नसावा असे समजून, भरभर उलटला. पुढे कित्येक वर्षे वर्गात आम्ही तिची स्तुती केली ती त्या विजयासाठीच.

या कथेचा इंग्रजी अवतार 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने एन. सी. ई. आर. टी.च्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाला, आणि तो शिकून आलेली मुले आमच्या वर्गात येऊ लागली. त्यांतील एका मुलीने एकदा विचारले, 'सर, मराठे जिंकले तरी लोकांनी त्यांना अंडी का मारली?' आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले असावे. घरी येऊन कथा पुन्हा उघडली तेव्हा ध्यानात आले की, जो भाग आम्ही शेपूट समजत होतो तेच कथेचे मस्तक आहे.

गंगाधरपंतांस हवे असलेले जग मिळते. त्यात मराठे जिंकलेले असतात. मग त्या जगात पंत काय करतात? रिकामी खुर्ची दिसताच तीत जाऊन बसतात. जग बदलले, सरहद्दी बदलल्या, इतिहासाचे खंड बदलले. बदलले नाहीत ते पंत. आणि त्या जगातील लोक त्यांस जे सांगतात ते असे की, आम्ही पुढे आलो ते एका विजयामुळे नव्हे. खुर्चीवर बसून उपदेश करणाऱ्यांस आम्ही निरोप दिला, हेही त्यात आहे. लढाईने न शिकविलेला धडा टोमॅटोंनी शिकविला. आपल्या जगात परतल्यावर पंत पानिपतविषयक परिसंवादाचे अध्यक्षपद नाकारतात. दिवास्वप्न माणसास आहे तसाच ठेवते; या कथेने आपल्या नायकास बदलले. म्हणून वकीलसाहेबांचा आक्षेप आम्ही, त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून, फेटाळतो. स्वप्न पाहणारे आम्ही होतो, कथा नव्हे. आणि ज्याने आयुष्यात गावोगावच्या व्यासपीठांवर बऱ्याच खुर्च्या उबविल्या आहेत, त्यास तिचा मथितार्थ कळावयास इतकी वर्षे व एका विद्यार्थिनीचा प्रश्न लागावा, हा विनोद लेखकाच्याही पदरी जमा करावयास हवा.

हा विनोद रत्नागिरीस परका नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'व्यक्ति आणि वल्ली'त अंतू बर्वा अमर केला, तो याच मातीतला. त्याचे तिरकस बोलणे जिंकलेल्याचे नव्हे. सारे गमावूनही ज्याची नजर शाबूत राहिली अशा माणसाचे ते बोलणे आहे. नारळीकरांचा स्वभाव सौम्य, व अंतू बर्व्याचा दंश त्यांच्या लेखणीस नाही. पण मोठ्या गोष्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा लहानसा अहंकार पकडण्याची दृष्टी तीच.

मराठीत विज्ञानकथेस निदान एका शतकाचा इतिहास आहे. विनोदाची परंपरा तर त्याहून समृद्ध. आणि तिचे प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले तसाच 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथही लिहिला, ही गोष्ट आज फार थोड्यांस आठवते. एका हाती विनोद व एका हाती ग्रहगणित असलेला हा लेखक त्या दोहोंची गाठ घालणारी कादंबरी लिहिता तर! १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेस पहिले पारितोषिक मिळाले, व ते नाव म्हणजे नारळीकरांचीच आद्याक्षरे उलटी केलेली आहेत हे मागाहून लोकांस कळले. आपले नाव लपवून परीक्षेस बसणारा जगन्मान्य शास्त्रज्ञ स्वतःच एका विनोदी कथेचा नायक शोभला असता.

तेव्हा आमच्या तीन वाचकांस आमचे सांगणे एवढेच. शिक्षकांनी विनोदास भिऊ नये. तो कल्पनेतून निघाला आहे की वरून लावला आहे, एवढे तपासावे. तरुण मित्राने लढाई जरूर मागावी, पण लढाईनंतरची वहीही मागावी. आणि वकीलसाहेबांनी स्वप्नावर रागावण्यापूर्वी, त्या स्वप्नात आपणांस कोणी अंडे मारते की नाही ते पाहावे. ज्या कादंबरीत या तिघांचेही समाधान होईल, जी पानिपत जिंकील, त्याचा खर्च शेवटच्या वस्तीपर्यंत मांडील आणि तो मांडताना आपणांस आपल्यावरच हसावयास लावील, अशी कादंबरी मराठीत अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही. ती लिहिणारा कोठेतरी वाचनालयाच्या पायरीवर बसून आज आपले मत देत असेल.

२०२१ साली नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकर निवडले गेले. प्रकृतीच्या कारणामुळे ते तेथे प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. त्यावर त्या वेळी उलटसुलट चर्चा झाली. आम्हांस मात्र आझाद मैदानावरील ती दुसरी खुर्ची आठवली, आणि तिच्याशेजारी टोमॅटो झेलीत उभे असलेले गंगाधरपंत.